टोरीच्या तेलात राहिलेलं हेड

इंजिनाचं हेड तपासायचं असेल तर एक नख वाढवून ठेवावं लागतं. मी असं सांगितलं की माणसं हसतात. पण खरंच सांगते, चष्म्याला जे दिसत नाही ते नखाला कळतं. वॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावरून नख हळूच फिरवलं, की खड्डा असेल तर ते अडखळतं. म्हणून भांडी घासताना मी ते बोट वर धरते. सुना म्हणतात, आई, तुमचं ते बोट काय दुखतं का? दुखत नाही गं, ते कामाचं आहे.

हेड म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरवर जाड बिडाचं झाकण बसतं, ते हेड. कुकरच्या झाकणासारखं समजा. फक्त या झाकणाच्या खाली आग पेटते आणि याच्या पोटातून पाणी फिरतं, ते थंड ठेवायला. हवा आत घ्यायला एक वॉल्व्ह, धूर सोडायला दुसरा, आणि डिझेलचा फवारा मारायला मधे नोझल. खाली आग, वर पाणी, आणि दोघांच्या मधे बिडाची एक भिंत. ती भिंत धड आहे का, हे पाहायचं काम माझं.

हेडाला दुखणी दोनच. झीज आणि चीर. झीज म्हणजे वॉल्व्ह आपल्या नळीत लडबड करायला लागतो, कडं खोल जातं, तळ वाकतो. त्यावर इलाज आहे. आमचे हे लेथवर बसतात, नळी बदलतात, कडं कापतात, तळ घासून सपाट करतात. चिरेचं मात्र तसं नाही. ती पाण्यापर्यंत गेली असेल तर मग हेड वजनावर विकायचं, दुसरं काही नाही.

आमचं वर्कशॉप कुरखेड्यात, रस्त्याला लागून. हे आधी राजुऱ्याकडे खाणीच्या गाड्यांवर कामाला होते, तिथे हात बसल्यावर इकडे येऊन लेथ टाकला. मी शाळेत फार गेलेली नाही. वर्कशॉपमध्ये धुवायच्या कामापासून सुरुवात केली. काळी काजळी धुता धुता कुठलं हेड चालणार आणि कुठलं नाही ते दिसायला लागलं, आणि मग ते कामच माझ्याकडे आलं. हे कापतात, मी पाहते. भांडण झालं तरी या वाटणीत बदल नाही.

परवाच्या हिवाळ्यातली गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून खळ्यावर आलं होतं, आणि सकाळी अशी थंडी की हातात पाना धरवत नव्हता. काळीपिवळी जीप थांबली आणि त्यातून एक बाई आणि एक माणूस उतरले. दोघांच्या मधे बांबू, बांबूला पोतं लटकवलेलं, पोत्यात हेड. बाई चाळिशीची असेल, डोक्यावरून शाल घट्ट ओढलेली. माणूस तिच्याहून लहान, गळ्यात मफलर. तो तिचा दीर, हे तिनं भाऊजी म्हटल्यावर कळलं.

"मिस्त्री आहे का, बाई?" तो म्हणाला.

"आहे ना. पण हेड मी पाहते. ठेवा तिथी, ओट्यावर."

"तुम्ही?"

"काऊन? तुमच्या घरी भात शिजला का नाई ते कोण पाहते?"

ती बाई शालीच्या आत फसकन हसली. तो हसला नाही, पण हेड ओट्यावर ठेवलं.

त्यांचं गाव जंगलातलं, नदीच्या पलीकडे. घरची धान कांडायची गिरणी. गावात लाईट आहे, पण तिच्यावर गिरणीची मोटर उचलत नाही, म्हणून डिझेल इंजिन. या बाईचा नवरा राजुऱ्याकडे खाणीत डंपर चालवतो, सणासुदीला येतो. गिरणी हीच चालवायची. हँडल मारून इंजिन सुरू करणं, पट्टा चढवणं, कोंडा वेगळा काढणं, सगळं. मागच्या मोसमाच्या शेवटी इंजिन पांढरा धूर सोडायला लागलं, ताकद कमी झाली. पावसाळ्यात गिरणी बंदच असते, म्हणून तिनं ते खोलवून ठेवलं होतं.

"सीधी बात सांगतो, बाई," दीर म्हणाला. "हेड चांगलं असन त गिरणी चालू. खराब निंघालं त मी इंजन विकून टाकतो. गावातला एक जण ट्रॅक्टर घेऊन राह्यला, त्याच्यात अर्धा हिस्सा टाकतो म्हणतो. घरात ठरलं तसं."

"घरात कोण ठरवलं?" ती म्हणाली. "तुम्हीच बोलले अन् तुम्हीच मान हालवली."

"दादाले फोन केला होता म्या."

"त्याहीनं काय म्हटलं? 'पाहा तुमचं तुम्ही.' ते ठरवणं होते का?"

मग ती माझ्याकडे वळली. "नवं धान आमच्या देवाले, पेनाले, दाखवून झालं, बाई. आता समदं गाव धान घेऊन बसलं आहे. गिरणी नाई त डोक्यावर पोतं घेऊन नदीपार जा, नाई त उखळात कांडा. अन् कांडन कोण? भाऊजी कांडन?"

"मी काऊन कांडू?"

"तेच त म्हणून राह्यली मी."

तिला धान कांडायची भीती नव्हती, हे मला तिच्या बोलण्यावरूनच कळलं. गिरणी होती म्हणून सकाळपासून तिच्या दारात बाया येऊन बसायच्या, तिला विचारायच्या, तिची वाट पाहायच्या. इंजिन गेलं की ती परत चुलीपाशी, आणि घरात दिराचा ट्रॅक्टर.

मी हेड घासून पुसून घेतलं. चीर पाहायची आमची पद्धत साधी. तळाला सगळीकडे रॉकेल लावायचं, थोडं थांबायचं, मग कोरड्या फडक्यानं अगदी कोरडं पुसायचं. वरून शाळेतल्या खडूची पूड भुरभुरायची. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूत ओली रेघ उमटते. लपायला जागा नाही.

खडू टाकला आणि आम्ही तिघंही ओणवे होऊन पाहत बसलो. ती तर श्वास घेत होती की नाही कोण जाणे. खडू पांढरा तो पांढराच.

"झालं ना, बाई? पास झालं ना?"

दीर खिशातली खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी काढून चोळत बसला.

मीही हो म्हणणार होते. पण सवय वाईट, हेड उलटं केलं आणि पाणी जायच्या भोकात बोट घातलं. बोटाला तुपासारखं थिजलेलं काहीतरी लागलं. बाहेर काढून हुंगलं. हा वास आमच्या भागात कुणाला सांगावा लागत नाही.

"वो बाई, ह्याच्यात टोरीचं तेल ओतलं का तू?"

"हो ना. जंग नाई लागला पाहिजे म्हणून. गरम करून काठोकाठ ओतलं होतं. आणताना उलटवून आणलं त जे निंघाचं ते निंघालं."

टोरी म्हणजे मोहाची बी. तिचं तेल जंगलातल्या गावांत घरोघरी असतं. थंडीत फुटलेल्या टाचांना तेच, कुऱ्हाडीच्या पात्याला तेच. जंग लागू नये म्हणून तिनं इंजिनाला लावलं, त्यात तिचं काय चुकलं? फक्त या तेलाचा एक गुण आहे, थंडीत ते थिजून मेणासारखं होतं. हेडाला चीर असेलच, तर गरम तेल तिच्यात शिरून आता तिथेच थिजून बसलेलं असणार. मग माझ्या रॉकेलला आत जायला वाटच नाही. म्हणजे पांढऱ्या खडूचा अर्थ आज काहीच नव्हता.

हे मी सांगितलं तसा दीर म्हणाला, "मंग लपवालेच ओतलं असन वहिनीनं."

"मले चीर दिसली असती त मी तेल ओतत बसली असती का? तवाच तुमच्या नावानं बोंबलली नसती?"

"थांबा दोघं," मी म्हटलं. "हेडात काय आहे ते मी सांगीन. कोणाच्या मनात काय होतं, ते तपासाचं मशीन आमच्याकडे नाई."

तो पिंक टाकायला रस्त्याच्या कडेला गेला. तेवढ्यात ती माझ्या अगदी जवळ आली. आवाज बारीक करून म्हणाली, "बाई, खडू त पांढरा राह्यला. त्यानं पाह्यला. तुम्ही पास म्हटलं त पास आहे. कायले आता खोलात जाता?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत काही पाप नव्हतं, नुसती घाई होती.

"म्हणते मी पास," मी म्हटलं. "तू जाशीन, हेड बसवशीन. इंजन तापन, टोरी वितळन. अन् चीर असन त पाणी सिलिंडरात उतरन. सकाळी तुले काय दिसते, आत पाणी आहे का नाई? तू हँडल मारशीन अन् आतला रॉड वाकन. मंग हेडच नाई, आख्खं इंजन जाईन. तवा भाऊजीले विकाची बी गरज नाई, भंगारवाला घरी येऊन उचलन."

तिनं शाल सोडून कमरेला खोचली.

"चूल कुठी आहे?"

मागच्या अंगणात आमची मोठी लोखंडी टाकी आहे, तीन दगडांवर. पाणी भरलं, धुण्याचा सोडा टाकला, हेड आत सोडलं. जाळ तिनंच लावला, आणि असा लावला की मला हात घालावा लागला नाही. पाणी तापलं तसा वर आधी पिवळा तवंग आला, मग सोड्यानं त्याचा फेस झाला, राखाडी, दाट. टोरीचं तेल आणि सोडा, साबणच झाला तो. ती काठीनं फेस बाजूला करत होती आणि परत येत होता.

दीर येऊन उभा राहिला. "काय शिजून राह्यलं?"

"हेडाची भाजी," मी म्हटलं. "तिखट किती लागते तुमच्याकडे?"

आता मात्र तो हसला. आणि हसला तसा बसला, शेकायला. फेस थांबायला वेळ लागणार होता म्हणून मी दोघांना जेवायला वाढलं, लाखोळीची भाजी आणि भात. जेवताना तो मला तांदळाबद्दल सांगत होता, ती मधे मधे त्याला दुरुस्त करत होती. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पाहुणे आले आहेत. मी मात्र तिच्या ताटाकडे पाहत होते. भात तसाच होता.

हेड बाहेर काढलं, साध्या पाण्यानं धुतलं, उन्हात वाळू दिलं. परत रॉकेल, परत फडकं, परत खडू. यावेळी वाट पाहावी लागली नाही. नोझलच्या भोकापासून धुराच्या वॉल्व्हच्या कड्यापर्यंत रेघ आली, केसाएवढी, जरा वाकडी. पेन्सिलीनं कुणी ओढावी तशी हळूच गडद होत गेली.



"अजून पाणी पाहाचं आहे," मी म्हटलं. चीर वरवरची असेल तर काही हेडं चालतात, खोटं कशाला सांगू. म्हणून पाण्याची भोकं ट्यूबचं रबर आणि लोखंडी पट्ट्या लावून बंद केली, एका भोकातून हातपंपानं पाणी दाबलं. ह्यांना लेथवरून उठवून आणलं, पंप ते मारतात. थोडा दाब आला आणि त्या रेघेच्या मधोमध एक थेंब फुगला. पुसला. परत फुगला.

"गेलं," हे म्हणाले आणि पंप सोडला. आमचे हे असेच, बोलायला पैसे पडतात जणू.

ती थेंबाकडे पाहत होती. "तो ओघळून आलेला नाई ना, बाई?"

"नाई गं. आतून आला."

"मंग ठरलं," दीर म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, ते मात्र मी ऐकलं. माणूस वाईट नव्हता. त्याला ट्रॅक्टर हवा होता, एवढंच.

मला वाटलं आता ही रडणार. मी पाण्याचा तांब्या घ्यायला वळले. परत पाहते तर ही अंगणाच्या कोपऱ्यात. तिथे आमच्याकडची जुनी हेडं ढिगानं पडलेली असतात, कुणाची चिरलेली, कुणी सोडून गेलेली. ती एकेक हलवून पाहत होती.

"ह्याच्यात आमच्या इंजनाचं नाई का वो?"

"ते समदे मेलेले आहेत, वहिनी," दीर म्हणाला.

तेव्हा हे म्हणाले, "एक आहे. खालच्या बाजूला. झिजलेलं आहे, पण झिजलेलंच आहे."

ते त्याच मापाच्या, पाणी ओढायच्या इंजिनाचं होतं; ते ज्याचं, त्या शेतकऱ्यानं विजेची मोटर घेतली आणि इंजिन आम्हाला देऊन टाकलं. सगळ्यांनी मिळून ढिगातून काढलं. वॉल्व्ह घालून हलवला तर खुळखुळ वाजत होता. कडी इतकी खोल गेलेली की माझं नख आत बुडालं.

"हे तर त्याच्याहून खराब दिसते," दीर म्हणाला.

"दिसते," मी म्हटलं. "ह्याले नळी बदलली, कडं नवं बसवलं त चालन. तुमच्याले चीर आहे, त्याले काही नाई चालत. पण हे चिरलेलं नाई असं मी अजून म्हटलं नाई हां. तपासावं लागन."

"पण वहिनी, ठरलं काय होतं? हेड खराब त इंजन विकू."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हेड खराब निंघालं, मान्य. इंजन कुठी खराब निंघालं? बैलाचा एक खूर दुखला त तुम्ही बैल विकता का?"

"लोकं विकते."

"लोकं विकते, अन् मंग दुसऱ्याचा बैल मांगत फिरते! मी नाई पाह्यले का तसे?"

तो माझ्याकडे पाहायला लागला, मी न्याय करीन म्हणून. मी टाकीतलं घाण पाणी ओतून द्यायला लागले. मला त्यात पडायचं नव्हतं, घर त्यांचं.

बराच वेळ त्यानं खर्रा चोळला. मग म्हणाला, "ठीक. पण हे बी तसंच शिजवाचं. तसंच रॉकेल, तसाच खडू, तसंच पाणी. त्याच्यात बारीक बी रेघ निंघाली त मंग मी कोणाचं ऐकत नाई. दादाचं बी नाई."

"मंजूर. मीच शिजवते."

परत पाणी, परत सोडा. यावेळी फेस आला नाही, नुसती काजळी आणि माती सुटली. खडूही तिनंच टाकला. मी तिला बोट धरून दाखवलं, पूड चिमटीनं दाबायची नाही, पिठी पेरतो तशी वरून पडू द्यायची. तिला ते एकदाच सांगावं लागलं.

खडू पांढरा राहिला. मी थोडं पाहिलं, इकडून तिकडून पाहिलं, आणि म्हटलं, "नाई रेघ."

"थांबा," ती म्हणाली. "उन्हात तापू द्या. सकाळी बी पांढराच होता."

हेड उचलून तिनं स्वतः उन्हात सरकवलं आणि शेजारी बसून राहिली. हात मधे मधे बिडावर ठेवून पाहत होती, तापलं का. मी आतलं काम उरकून आले, तरी ती तशीच. दीरही आता तिच्या बाजूला उकिडवा. दोघांची डोकी हेडावर. तो बोटानं काहीतरी दाखवत होता आणि ती म्हणत होती, "ते ओरखडा आहे, भाऊजी. नख लावून पाहा. चीर असती त ओली झाली असती." मी मागे उभी राहून ऐकलं. मला बोलायची गरज पडली नाही.

ह्यांनी पंप मारला. रबराच्या बाजूनं थोडं गळलं, ते आमच्या बांधणीचं. बाकी तळ कोरडा. तिनं पदरानं तळ पुसून पदर उलटा करून पाहिला. कोरडा.

"आता सांगा, भाऊजी," ती म्हणाली.

तो उठला, गुडघे झटकले. "मी काय सांगू? तुम्हीच सांगा मिस्त्रीले, कवा देते म्हणून."

नळ्या आणि कडी बसवायला, तळ घासायला ह्यांना थोडे दिवस लागणार होते. आठवडी बाजाराच्या दिवशी दोघं परत आली, तोच बांबू घेऊन. तयार हेड मी तिच्यापुढे ठेवलं, नवीन कड्यावरून तिनं नख फिरवलं, आणि नख कुठेही अडलं नाही तशी ती माझ्याकडे पाहून नुसतं हं म्हणाली.

हेड पोत्यात बांधून झालं तर दीर अंगणातून त्यांचं जुनं चिरलेलं हेड पोटाशी धरून घेऊन येत होता.

"ते कायले?" मी विचारलं.

"मी विकीन म्हटलं होतं," तो म्हणाला. "आता घरी जाऊन काय सांगू? काही त विकलं पाहिजे."

ती इतकी हसली की बांबू खाली ठेवावा लागला. "विका, भाऊजी, विका. पाहा त्याच्यात ट्रॅक्टरची एखादी टोपी येते का."

चिरलेलं हेड त्यानं जीपच्या टपावर चढवलं, खाली उतरला, आणि दुसऱ्या हेडाच्या बांबूचं पुढचं टोक खांद्यावर घेऊन म्हणाला, "उचला आता. गाव धान घेऊन बसलं आहे."